राणी रंगाची गाडी

चाकं असलेली कुठलीही वस्तू दिसली की ते आधी वाकायचे. भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, असो, कुणाच्या बाळाचा नवा पांगुळगाडा असो, नाहीतर गॅसच्या बाटलीखालची ट्रॉली असो. एक हात चाकावर ठेवायचे, वस्तू जराशी पुढे ढकलून बघायचे आणि मालकाला विचारायचे, "चालस तं बठ्ठंच. थांबस का?"

अहिराणी न येणाऱ्यांसाठी सांगते. चालतं तर सगळंच, थांबतं का ते बोला, एवढाच त्याचा अर्थ. पण विचारायची तऱ्हा अशी की समोरच्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला गुजराती होता. त्याच्या लारीला ब्रेक नाही म्हणून हे रोज त्याला अडवायचे. तो बिचारा हात जोडून म्हणायचा, "आ तो ऊभी ज छे ने, काका." ही तर उभीच आहे ना. मग हे चाकाखाली एक विटेचा तुकडा सरकवायचे आणि मगच कोथिंबिरीला हात लावायचे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याला हसतो, त्याची नक्कल करतो, आणि तो असा का झाला हे विचारायला आपल्याला वेळ नसतो. मलाही नव्हता. मी नऊ वर्षांची होते आणि मला फक्त त्यांच्या गाडीत बसायचं होतं.

ते आमच्यापासून तीन दारं सोडून राहायचे. आमची गल्ली सुरतेत, रुळांच्या पलीकडची, सगळी खानदेशातून आलेली माणसं. बहुतेक जण लूमवर, काही जण पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये. हे मिलमध्ये होते. रंगवलेल्या ओल्या कापडाच्या ट्रॉल्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलत न्यायच्या, बारा तास. खांदे दरवाजाएवढे आणि मान मात्र कायम खाली झुकलेली. एका आठवड्यात नखं निळी, दुसऱ्या आठवड्यात हिरवी. बाजारात साड्यांचा कुठला रंग चालू आहे ते आमच्या आयांना त्यांच्या नखांवरून कळायचं.

ते आईच्या गावचे. म्हणजे रीतीप्रमाणे माझे मामा. पण मी पहिल्यांदा 'मामा' म्हटलं तेव्हा ते एवढे दचकले की हातातली बशी कलंडली. "माले मामा नको म्हनू," ते म्हणाले. "काका म्हन." आईच्या गावच्या माणसाला काका म्हणायचं हे काही मला पटलं नाही. पण मोठ्यांच्या खोड्या असतात, म्हणून मी काका म्हणायला लागले.

आता गाडीकडे येते. आमच्या गल्लीतल्या पोरांची एक गाडी होती, फळीला चार बेअरिंगं ठोकलेली. तिच्यावर बसायचं आणि उतारावरून सोडून द्यायचं. कुणाचं ढोपर, कुणाचा दात, रोज काहीतरी जायचं. एकदा काका रातपाळी करून येत होते, त्यांनी ती गाडी बघितली. काखेत मारली आणि घरात घेऊन गेले. आम्ही दारात उभं राहून रडलो, ओरडलो, एकाने दगडही मारला. दार उघडलं नाही.

महिनाभराने त्यांनी नवी गाडी बाहेर आणली. मशीन ज्या खोक्यातून येतं त्या खोक्याच्या फळ्या, चारी बाजूंनी हातभर उंच कठडा, खाली मिलमधल्या मोडीत काढलेल्या ट्रॉलीची चार लोखंडी चाकं. मागे ढकलायला आडवा दांडा. आणि त्या दांड्याला एक खटका, तो दाबला की मागच्या दोन्ही चाकांवर रबराचे तुकडे घट्ट बसायचे. रबर म्हणजे जुन्या चपलांचे तळवे. त्यानंतर गल्लीत कुणाची एक चप्पल हरवली की बायका आधी गाडी उलटी करून बघायच्या.

गाडीला पुढे दोरी नव्हती. आम्ही दोरीसाठी हट्ट धरला. दोरीशिवाय गाडी कसली? तर म्हणे, "ढकला. ओढनारले मांगलं दिसत नही." ओढणाऱ्याला मागचं दिसत नाही. विषय संपला.

आणि रंग. रंगाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. मिलमध्ये राणी रंगाचा हंगाम होता, तेव्हा काकांनी डबाभर राणी रंग आणून गाडीला दोन हात मारले. गाडी अशी दिसायची की पोरं आरती म्हणायचीच बाकी होती. पण तो रंग होता कापडाचा. लाकडाशी त्याचं काय नातं? आम्ही घामेजलेले गाडीत बसलो आणि रंगाला आपलं माणूस सापडलं. संध्याकाळी गल्लीतल्या एकूण एक पोराची बैठक राणी रंगाची. आया धोपटण्याने बडवून थकल्या, पण डाग हलला नाही. काकांच्या घरापुढे बायकांचा मोर्चा गेला तेव्हा ते खरोखर चकित झाले होते. "मिलमां पक्का व्हत नही म्हनीसन शेठ बोंबलस," ते म्हणाले, "आठे कसा व्हई गया?" मिलमध्ये बसत नाही तो रंग इथे कसा बसला?

तेव्हापासून गाडीत कोण बसलं होतं हे कुणाला विचारावं लागलं नाही.

खेळ असा असायचा. काका ओट्यावर बसून बशीतून चहा प्यायचे. आम्ही एकाला गाडीत बसवून ढकलत सुटायचो. मध्येच ते ओरडायचे, "थांब." ढकलणाऱ्याने तिथल्या तिथे गाडी उभी केली तर त्याला बसायला मिळायचं, नाही केली तर पुन्हा ढकल. दुसऱ्या गल्लीतली पोरं जोरात पळायच्या शर्यती लावायची, आम्ही थांबायच्या. त्या पोरांना आम्ही वेडे वाटायचो. मला मात्र थांबायची एवढी सवय झाली की गाडी रात्री आमच्याच ओट्यावर ठेवायचा मान मला मिळाला. मी ती माझीच समजायचे.

पाय मोडला तो या गाडीमुळे नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पाण्याच्या टाकीवर चढले होते, तिथून पडले. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर. अख्खी गल्ली बघायला आली, कुणी केळी आणली, कुणी उपदेश. काका आले नाहीत. ते आमच्या दारावरून जायचेही बंद झाले, मागच्या बोळातून फिरून घरी जायचे. ज्यांच्या गाडीची मी एवढी राखण केली, त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवावी याचा मला फार राग आला.

खरं काय ते मला काकूंकडून कळलं. म्हणजे त्या आईला सांगत होत्या आणि मी डोळे मिटून पडले होते.

त्यांच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खंडेरावाच्या बारा गाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून भरायची, बैल सोडून द्यायचे, आणि भगताने कमरेला दोर लावून त्या देवळापर्यंत ओढत न्यायच्या. हा मान पिढ्यान्‌पिढ्या काकांच्या घरात. नियम एकच. भगताने मागे बघायचं नाही. काकांनी सात वर्षं ओढल्या. आठव्या वर्षी त्यांच्या बहिणीचा मुलगा दुसऱ्या गाडीच्या दांडीवर बसला होता, तो घसरला. लोक 'थांब, थांब' ओरडत होते, पण जयजयकारात ते ओरडणं त्यातलंच एक वाटलं. काकांनी नियम पाळला. देवळाच्या पायरीला हात लागला तेव्हाच वळून पाहिलं.

पोरगा वाचला. पाय आखूड राहिला.

"मांगे देखानं नही असा नियमच शे ना, बहीन," काकू आईला म्हणाल्या. गावात कुणी त्यांना शब्दाने बोललं नाही. बहीणसुद्धा नाही. तेच त्यांना सोसलं नाही, आणि ते सुरतेला आले. त्याला आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून एका आखाजीलाही ते गावी गेले नव्हते.

मी डोळे मिटूनच होते. मला कळलं एवढंच की ते माझ्यावर रागावलेले नाहीत, माझ्या प्लास्टरकडे त्यांना बघवत नाही.

इकडे माझ्यावर वेगळंच संकट होतं. वार्षिक परीक्षा आली होती. मागच्या वर्षी काविळीने माझी परीक्षा बुडाली होती आणि मी पुन्हा तिसरीतच बसले होते. बाबा वाईट माणूस नव्हते, पण त्यांचा हिशोब सरळ होता. यंदाही बुडाली तर शाळा पुरे, घरी बसून आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायचे. माझ्या मोठ्या बहिणीचं पाचवीत तेच झालं होतं, आणि ती खडे फार सुबक चिकटवायची. रिक्षाचं आईने एकदा काढून बघितलं. सहा पेपर, जाऊन-येऊन बारा फेऱ्या. बाबा ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. रातपाळी करून आलेले, डोळे लाल. आत आले नाहीत. माझ्या पायाकडे न बघता म्हणाले, "कोन तारीखले शे परीक्षा?"

आईने सांगितली.

"पोरले मी लई जासू," ते म्हणाले. जाता जाता मात्र त्यांना राहवलं नाही. "टाकीले ब्रेक नही व्हता ना?"

पेपरच्या दिवशी त्यांनी गाडीत गोधडी घातली, माझा पाय पुढे काढून ठेवायला पुढच्या बाजूला एक फळी ठोकली आणि मला उचलून बसवलं. पहिला पेपर गणिताचा. गल्लीतून गाडी छान निघाली. शाळा रुळांच्या अलीकडे आणि आम्ही पलीकडे, मधे गरनाळं. रेल्वेखालून बोगद्यासारखा जाणारा रस्ता, आधी उतार, मग चढ. दोन्ही बाजूंनी रिक्षा, टेम्पो, सायकली. उतारावर काकांनी खटका दाबून गाडी मुंगीच्या चालीने उतरवली. खाली पोचलो आणि चढ सुरू झाला.

ढकलून गाडी चढेना. माझ्या पायाचं वजन पुढे, त्यामुळे ती सरळ जायचीच नाही, भररस्त्यात रिक्षांपुढे वळायची. ढकलताना त्यांची मान खाली, म्हणजे पुढचं दिसत नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा गाडी मागे येऊन त्यांच्या पायाला लागली. ती ओढूनच न्यायला हवी होती, हे मला नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं.

मागच्या चाकाखाली विटेचा तुकडा सरकवून काका गाडीपुढे येऊन उभे राहिले. मागून हॉर्न वाजत होते आणि ते नुसते उभे.

"काका, घंटा होईल," मी म्हणाले. मला रडू फुटलं.

मग त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला. तो गाडीच्या पुढच्या फळीला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. गाडीभोवती एक फेरी मारली. चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. पंच्याची टोकं दोन्ही मुठींना गुंडाळली, आणि माझ्याकडे पाठ केली नाही. माझ्याकडे तोंड करून ते उलट्या पावलांनी चढायला लागले.

"घट्ट धरी बठ," एवढंच म्हणाले.

गरनाळ्याचा तो चढ ते उलटे चढले. डोळे माझ्यावर. एकदा पाय, एकदा चेहरा, एकदा चाक, पुन्हा पाय. दर चार पावलांवर थांबायचे, माझ्याकडे नीट बघायचे, मग पुन्हा ओढायचे. एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, उल्टा क्यूं चल रहे हो?"

"लडकी दिखनी चाहिए, भाई," काका म्हणाले.

मला घंटेच्या आधी वर्गात बसवून ते बाहेर पिंपळाखाली झोपले. रात्रभराची पाळी केलेला माणूस, दुपारपर्यंत तिथेच जमिनीवर. पेपर सुटला की पुन्हा गरनाळं. असे सहा दिवस. तिसऱ्या दिवशी उतारावरच ब्रेकचं रबर झिजून गेलं. काकांनी गाडीला पाय लावून धरलं, आपल्या पायातली चप्पल काढली, खिशातल्या पातीने तिचा तळवा कापला आणि खटक्याला बसवला. परतताना एप्रिलचं दुपारचं डांबर होतं. ते अनवाणी चालले, आणि मी 'चटके बसतात का' म्हणून विचारलं तर म्हणाले, "ब्रेक चांगला लागी ऱ्हायना."

चौथ्या दिवशी बाबा कामावर जाताना सायकल घेऊन गरनाळ्याच्या तोंडाशी थांबलेले मला दिसले. एक माणूस त्यांच्या मुलीकडे तोंड करून उलटा चालतोय, हे ते बघत होते. जवळ आले नाहीत. पण त्या वर्षानंतर माझ्या शाळेचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मी काठावर पास झाले, पुढे शिकले, आणि आज त्याच शाळेसारख्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. प्लास्टर काढलं तेव्हा डॉक्टर चक्रावले होते. खालून ते राणी रंगाचं झालं होतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी परत येताना काकांनी चढ संपल्यावर गाडी थांबवली. पंचा सोडला, घाम पुसला आणि स्वतःशीच म्हणाले, "बारा व्हयन्यात."

मला वाटलं, दुपारचे बारा वाजले म्हणतात. घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती हातातला खडा चिकटवायची थांबली. सहा पेपर, जाऊन-येऊन बारा. बारा गाड्या त्यांनी ओढून पुऱ्या केल्या होत्या, आणि एकदाही नजर हटवली नव्हती.

त्या आखाजीला ते गावी गेले. पाच दिवसांनी परतले ते थेट आमच्या ओट्यावर. भाचा आता मिसरूड फुटलेला झाला होता. स्टँडवर तोच घ्यायला आला होता, बैलगाडी घेऊन. लंगडत खाली उतरला आणि मामाला हात देऊन गाडीत चढवलं.

"मी इचारं, थांबस का?" काका सांगत होते. "तं म्हने, मामा, बैल शेत. थांबानंच काम करतस." बैलच आहेत, थांबायचंच काम करतात.

एवढं सांगून ते हसले आणि हसता हसता पंचा तोंडावर धरून बसले. आई आत चहा ठेवायला गेली. मी तिथेच होते. जरा वेळाने पंचा खाली आला, आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आते मामा म्हन."

मी म्हटलं. मला काय, मी पहिल्यांदा तेच म्हटलं होतं.

पुढे मामा कोसाडला राहायला गेले. गाडीच्या फळ्या एका पुरात कुजल्या. चाकं मी जपून ठेवली, ती आज माझ्या घरात तांदळाच्या कोठीखाली आहेत, ब्रेकसकट. माझा नवरा म्हणतो, कोठीला ब्रेक लावणारी बाई सगळ्या सुरतेत एकच असेल. मी मामांचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नाही, आणि पद्धत असती तरी मला शब्द सुचले नसते. दरवर्षी शाळेत पहिल्या दिवशी मुलांकडे तोंड करून उभी राहते तेव्हा मनातल्या मनात ते मानते.

गेल्या थंडीत मामा गेले. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, पण मला अडवायची कुणाची छाती झाली नाही. भाचा गावाहून आला होता. केस पिकायला लागलेले, एक पाय आखूड, बुटाचा एक तळवा जाड केलेला. अग्नी त्यानेच दिला.

सगळं झाल्यावर लोक निघाले. तुम्हाला माहीत आहे, तिथून निघताना मागे वळून बघत नाहीत. एका म्हाताऱ्याने आठवणही करून दिली, "आता मागे बघू नका रे कुणी." सगळे माना खाली घालून चालायला लागले. मी दोन पावलं गेले आणि माझा पाय पुढे उचलेना. शेजारी बघितलं तर भाचा थांबला होता आणि वळून चितेकडे बघत होता.

म्हातारा पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात भाचा शांतपणे म्हणाला, "मन्हा मामा मांगे देखीसनच चाले."

मग आम्ही दोघं चितेकडे तोंड करून उलट्या पावलांनी निघालो. तो लंगडत, मी त्याच्या चालीने. दर चार पावलांवर थांबत होतो. असं आम्ही फाटकापर्यंत गेलो आणि बाहेर आलो. शेवटी माझी पाठ तिथे उभ्या असलेल्या चहाच्या लारीला लागली. लारी हलली, आणि मी मागे न बघता हात नेऊन तिचं चाक धरलं.